अपघातानंतरचा दुसरा प्रश्न

महामार्गावर दुचाकी घसरते, कसारा घाटात गाडीचा ब्रेक लागत नाही, शेतातल्या उतारावर ट्रॅक्टर उलटतो, बांधकामाच्या परांचीवरून तोल जातो. नाशिक परिसरातल्या मोठ्या रुग्णालयांत अशा अपघातांतून मणक्याला, मेंदूला मार लागलेली माणसं येतात. त्यांतली बरीचशी घरातली कमावती, ऐन उमेदीतली. शुद्धीवर आल्यावर त्यांचा आणि नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : चालता येईल ना?

दुसरा प्रश्न काही आठवड्यांनी येतो. तो डॉक्टरांना विचारला जातोच असं नाही. रात्री छताकडे बघत तो माणूस स्वतःलाच विचारतो : आता मी करू काय?

पहिल्या प्रश्नासाठी आपल्याकडे शस्त्रक्रिया आहेत, फिजिओथेरपी आहे, कॅलिपर आणि व्हीलचेअर आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आपण फारसं शोधत नाही. एके काळी एसटीडी-पीसीओचं बूथ हे ठरलेलं उत्तर होतं. मोबाइल आले आणि तेही गेलं. बसून करता येईल ते काम, एवढाच निकष लावला जातो. त्या माणसाला काय आवडतं, कशात त्याला गती आहे, हे विचारलं जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटीहून अधिक लोक मज्जारज्जूच्या दुखापतीसह जगत आहेत. पडणं आणि रस्त्यावरचे अपघात ही त्यामागची प्रमुख कारणं. या माणसांच्या दुसऱ्या प्रश्नाला गेल्या शंभर वर्षांत एक अनपेक्षित उत्तर मिळत आलं आहे : कुत्र्यांचं प्रशिक्षण. वरवर हे काम धडधाकट माणसाचं वाटतं. दोरी ओढणारा दांडगा कुत्रा आणि त्याला आवरणारा तितकाच दांडगा माणूस, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात या कामाला स्नायूंपेक्षा वेगळ्याच गोष्टी लागतात.

विमाविक्रेत्याचं पत्र

मॉरिस फ्रँक हा अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा तरुण. सहाव्या वर्षी घोड्यावर असताना झाडाची फांदी लागून त्याचा एक डोळा गेला आणि सोळाव्या वर्षी मुष्टियुद्धात दुसरा. तो विमा विकायचा, पण घराबाहेर पडायला पगारी माणूस सोबत घ्यावा लागायचा. नोव्हेंबर १९२७ मध्ये एका साप्ताहिकातला लेख वडिलांनी त्याला वाचून दाखवला. लेखिका होत्या डोरोथी हॅरिसन युस्टिस. स्वित्झर्लंडमध्ये त्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास आणि प्रशिक्षण करत. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत १९१६ पासून वाटाड्या कुत्री तयार केली जात होती. त्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं.

फ्रँकने त्यांना पत्र लिहिलं. मला असा कुत्रा द्या, मी इथे परतून इतरांनाही मिळवून देईन, असा त्याचा आशय होता. १९२८ च्या वसंतात तो स्वित्झर्लंडला गेला, ‘बडी’ नावाच्या कुत्रीबरोबर शिकला आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्यावर पत्रकारांसमोर तिच्यासह एक धावता रस्ता ओलांडून दाखवला. युस्टिसबाईंना त्याने एका शब्दाची तार केली : यश. जानेवारी १९२९ मध्ये नॅशव्हिलमध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था सुरू झाली. ती आजही काम करते आहे.

फ्रँक स्वतः कुत्र्यांचा प्रशिक्षक नव्हता. पण ज्या विषयाने त्याचं घराबाहेर पडणं सोपं केलं, त्यालाच त्याने आपलं काम मानलं. वर्षानुवर्षं तो गावोगाव फिरला. रेल्वेत आणि हॉटेलांत बडीला प्रवेश नाकारणाऱ्यांशी त्याने वाद घातले. मदत घेणारा माणूस मदतीची व्यवस्था उभारणारा झाला. पुढच्या गोष्टींतही हेच दिसतं.

खुणांवर उभं राहिलेलं नातं

ॲलन पार्टन ब्रिटिश नौदलात होते. १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या काळात झालेल्या अपघातात त्यांच्या डोक्याला जबर मार बसला. चालणं गेलं, बोलणं जवळजवळ गेलं आणि आठवणीही पुसल्या गेल्या. आपलं लग्न झालं आहे, आपल्याला मुलं आहेत, हेही त्यांना आठवेना. पुढची काही वर्षं त्यांनी निराशेच्या तळाशी काढली.

पत्नी सँड्रा अपंगांसाठी कुत्री तयार करणाऱ्या एका संस्थेत स्वयंसेवक होत्या. तिथे पार्टन यांची ‘एंडल’ या लॅब्राडोरशी गाठ पडली. एंडलच्या पायाच्या सांध्यात दोष होता. हा कुत्रा कामाला येईल की नाही याची संस्थेलाच शंका होती. पार्टन यांना शब्द सापडत नव्हते, म्हणून ते हाताने खुणा करू लागले. डोक्यावर हात म्हणजे टोपी, हातावर हात म्हणजे हातमोजा. एंडल खुणा शिकत गेला. पुढे एटीएममधून कार्ड काढून देण्यापर्यंत त्याची मजल गेली. २००१ मध्ये गाडीच्या धडकेने पार्टन व्हीलचेअरमधून फेकले गेले. तेव्हा एंडलने त्यांना कुशीवर वळवलं, अंगावर पांघरूण ओढलं, मोबाइल आणून दिला आणि ते शुद्धीवर आल्यावर मदत आणायला धावला. २००२ मध्ये प्राण्यांच्या शौर्यासाठी दिलं जाणारं पीडीएसए सुवर्णपदक त्याला मिळालं.

एंडल मार्च २००९ मध्ये गेला. २०१० मध्ये पार्टन यांनी ‘हाउंड्स फॉर हीरोज’ ही संस्था सुरू केली. जखमी सैनिक आणि आपत्कालीन सेवांतल्या कर्मचाऱ्यांसाठी तिथे कुत्री तयार केली जातात. ज्या माणसाला एके काळी एक वाक्य बोलणं जड जात होतं, त्याच्यासाठी हे पुढचं आयुष्यभराचं काम ठरलं.

शिकवणाऱ्यावरच उपचार

अमेरिकेतले समाजसेवा तज्ज्ञ रिक यंट यांनी हे आणखी पुढे नेलं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे माजी सैनिकांच्या उपचार केंद्रात त्यांनी एक उपक्रम सुरू केला. युद्धाच्या मानसिक आघातातून जाणाऱ्या सैनिकांनी पिल्लं शिकवायची आणि तयार झालेली कुत्री शारीरिक अपंगत्व आलेल्या सैनिकांना द्यायची, अशी कल्पना होती. २०११ मध्ये त्यांनी याच कामासाठी ‘वॉरियर कॅनाइन कनेक्शन’ ही संस्था काढली.

यामागचं मानसशास्त्र समजून घेण्यासारखं आहे. मानसिक आघातानंतर माणूस गर्दी टाळतो, मोठ्या आवाजाने दचकतो, त्याच्या आवाजातला चढउतार हरवतो. पिल्लाला शिकवायचं तर नेमकं उलट करावं लागतं. पिल्लाला बाजारात न्यावं लागतं. भांडं पडलं तर ‘काही नाही, सगळं ठीक आहे’ असं त्याला पटवावं लागतं, आणि ते पटवता पटवता आपणही ते ऐकतो. शाबासकी द्यायची तर सपाट आवाज चालत नाही, आवाजात आनंद आणावाच लागतो. चिडचिड केली तर पिल्लू मागे सरतं आणि त्या दिवसाचा धडा वाया जातो. शिवाय हे सगळं स्वतःसाठी नसून दुसऱ्या जखमी सैनिकासाठी चाललेलं असतं. त्यामुळे ‘माझ्यासाठी नको’ म्हणणारा माणूसही अंथरुणातून उठतो.

याचा शास्त्रीय पुरावा किती, असा प्रश्न रास्त आहे. सहायक कुत्रा सोबत असण्याबद्दलचा एक अमेरिकी अभ्यास २०२४ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात १५६ जण होते, बहुतेक माजी सैनिक. नेहमीच्या उपचारांबरोबर कुत्रा मिळालेल्यांत तीन महिन्यांनी आघाताची लक्षणं प्रतीक्षायादीतल्यांपेक्षा कमी आढळली. मात्र कोणाला कुत्रा मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे निष्कर्ष जपूनच वाचायला हवा. शिवाय हा अभ्यास कुत्रा सोबत असण्याचा आहे, शिकवण्याचा नाही. कुत्रा म्हणजे औषधाची गोळी नव्हे, उपचारांना जोड मात्र मिळू शकते, एवढं म्हणता येतं.

जोर कमी, नेमकेपणा जास्त

अपंगत्व आलेल्या माणसाला हे काम जमतं, याचं कारण कुत्रा शिकतो कसा यात आहे. एखाद्या कृतीनंतर लगेच चांगलं काही मिळालं तर ती कृती पुन्हा केली जाते. विसाव्या शतकात थॉर्नडाइक आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी हे तत्त्व प्रयोगांतून मांडलं. ‘लगेच’ हा शब्द यात महत्त्वाचा आहे. कुत्रा बसला आणि तीन-चार सेकंदांनी खाऊ दिला, तर तोवर तो उठून उभा राहिलेला असतो. खाऊ उठण्याबद्दल मिळाला, असंच त्याला वाटतं.

म्हणून प्रशिक्षक आधी एक खूण ठरवतात. क्लिकरचा ‘टक्’ असा आवाज किंवा ‘शाब्बास’सारखा एकच छोटा शब्द. कुत्र्याचं बूड जमिनीला टेकलं त्याच क्षणी खूण करायची, खाऊ मागून दिला तरी चालतो. बोटांत जोर नसेल तर जिभेने टक् करता येतं. वाचा गेली असेल तर हातवारे आहेतच. कुत्री माणसाच्या हाताच्या खुणा फार पटकन टिपतात. हात हलत नसतील तर आवाज आणि नजर पुरते. प्रशिक्षकाला खरोखर लागतं ते बारीक लक्ष, ठरलेली शिस्त आणि तोच धडा पन्नासाव्यांदाही त्याच शांतपणे घेण्याची तयारी. महिनोन्‌महिने फिजिओथेरपीत एकच हालचाल पुन्हा पुन्हा केलेल्या माणसाला हा धीर वेगळा शिकवावा लागत नाही.

मारझोड करून शिकवण्याची जुनी पद्धत आता शास्त्रानेही मोडीत काढली आहे. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास मांडला. धाकदपटशाने शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं अधिक दिसली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरकही अधिक वाढलेलं आढळलं. म्हणजे ज्या पद्धतीला अंगबळ लागतं, तीच कुत्र्यासाठी घातक आहे.

व्हीलचेअरचा एक फायदाही आहे. उभा माणूस कुत्र्यावर वाकला की अनोळखी कुत्रा बिचकतो. बसलेल्या माणसाचा हात कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो आणि कान, शेपटी, ओठांची ठेवण जवळून दिसते. आधी खुर्चीची ओळख मात्र करून द्यावी लागते. खुर्ची स्थिर असताना कुत्र्याला हुंगू द्यायचं, मग चाक थोडं हलवायचं, मग हळू चालवायची.

शरीराचं वेळापत्रक सांभाळून

कामाचा उत्साह असला तरी मज्जारज्जूची दुखापत झालेल्यांनी काही गोष्टी विसरता कामा नयेत.

पहिली गोष्ट संवेदना. कमरेखाली कळत नसेल तर कुत्र्याच्या नखाचा ओरखडा किंवा दाताची जखम ध्यानातच येत नाही. रोज रात्री आरशाच्या किंवा घरच्यांच्या मदतीने पाय तपासायला हवेत. काम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी. ती घेतलेली असली तरी चावा किंवा ओरखडा झाल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

दुसरी गोष्ट बसणं. एकाच जागी दाब राहिला तर शय्याव्रण होतात आणि ते भरायला महिने जातात. योग्य गादी हवी आणि दर पंधरा-तीस मिनिटांनी भार हलवायला हवा. कुत्र्याचंही लक्ष पाच-दहा मिनिटांपलीकडे टिकत नाही. धडा संपला की दोघांनीही विसावा घ्यावा, अशी सांगड सहज बसते.

तिसरी गोष्ट उष्णता. मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झाली असेल तर त्याखाली नीट घाम येत नाही आणि शरीर तापतं. कुत्र्यांनाही माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ती धापा टाकून शरीर थंड करतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा वाजता नाशिकच्या डांबरी रस्त्यावर दोघांचंही काम नाही. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर धडे घ्यावेत.

चौथी गोष्ट रक्तदाब. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्यावर इजा असलेल्यांत मूत्राशय भरलं, बद्धकोष्ठ झालं, पट्टा करकचला तरी रक्तदाब अचानक भडकू शकतो. डोकं ठणकतं, चेहऱ्यावर घाम येतो. ही आणीबाणी असते. ताठ बसवून, कपडे सैल करून कारण दूर करावं आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. लघवीच्या नळीच्या वेळा पाळूनच कामाच्या वेळा ठरवाव्यात.

आणि एक साधा नियम : कुत्र्याची दोरी व्हीलचेअरला बांधायची नाही. मांजर दिसलं की कुत्रा झेपावतो आणि खुर्ची उलटते. चावऱ्या किंवा अनावर कुत्र्यांची कामं सुरुवातीला घेऊ नयेत, घेतली तरी सोबत सक्षम मदतनीस हवा.

नाशिकमध्ये सुरुवात कुठून?

कुत्र्यांचं प्रशिक्षण म्हटलं की महाराष्ट्राला आठवतो तो १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबईत स्फोटकं शोधणारा लॅब्राडोर ‘झंजीर’. पुण्यात शिकून आलेला हा कुत्रा मुंबई पोलिसांच्या पथकात होता. देवळालीमुळे नाशिककरांना सैन्याची शिस्तही परकी नाही. पण सामान्य प्रशिक्षकाचं काम पोलिसी नसतं, घरगुती असतं. पिल्लाला शी-शूची जागा शिकवणं, पाहुण्यांच्या अंगावर उडी न मारणं, दोरी न ओढता चालणं, फटाक्यांची भीती कमी करणं. शहरातल्या सोसायट्यांत पाळीव कुत्र्यांवरून होणारी भांडणं बहुधा याच चार गोष्टींतून उगवतात. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्या मळ्यांवर ‘हाक मारताच परत ये’ हा धडा कुत्र्याचा जीव वाचवू शकतो, कारण अंधारात बिबट्या कुत्र्यावरच डोळा ठेवून असतो.

जिना चढून प्रत्येकाच्या घरी जाणं शक्य नाही, हे खरं. पण चांगला प्रशिक्षक मुख्यतः मालकाला शिकवतो, कुत्र्याला नंतर. मालकाने दोरी धरायची, आपण समोरून वेळ सांगायची, चूक दाखवायची, हे सपाट मैदानावर किंवा व्हिडिओ कॉलवरही होतं. आधी अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखाली काही महिने काढावेत आणि प्राण्यांच्या डॉक्टरांशी ओळख ठेवावी. ‘आठ दिवसांत कुत्रा सुधारून देतो’ म्हणणाऱ्यांपासून आणि गळ्यात काटेरी पट्टे अडकवणाऱ्यांपासून दूर राहावं.

सरकारी बाजूही पाहून ठेवावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं मान्य आहेत. प्रमाणपत्र आणि त्यावर मिळणारं यूडीआयडी ओळखपत्र असेल तर योजनांचा मार्ग मोकळा होतो. स्वयंरोजगाराच्या कर्जासाठी राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळ आहे. घरात फार निराशा दाटली असेल तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

हे उत्तर सगळ्यांसाठी नाही. कुणाला कुत्र्यांची भीती असते, कुणाला ॲलर्जी. कुत्रा पाळला तर ती दहा-बारा वर्षांची जबाबदारी असते, मन रमवायला आणलेली वस्तू नव्हे. प्रत्येकाचा मार्ग वेगळा असतो. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर मूळचे मुष्टियोद्धे. दुखापतीनंतर ते पाण्यात उतरले आणि १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात त्यांनी भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्यांच्यासाठी उत्तर पाण्यात होतं, पार्टन यांच्यासाठी एका लॅब्राडोरमध्ये.

या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते. दुखापतीनंतर घरातला प्रत्येक जण त्या माणसासाठी काहीतरी करत असतो. पाणी आणून देतो, कूस बदलून देतो, औषध भरवतो. ते प्रेमानेच चाललेलं असतं, पण आपली गरज कुणालाच उरली नाही, ही टोचणी त्यातून वाढत जाते. शिकणारं पिल्लू ती टोचणी कमी करतं. त्याला रोज ठरल्या वेळी त्या माणसाची गरज असते आणि तो माणूस चालतो की नाही, याच्याशी पिल्लाला काही देणंघेणं नसतं.

म्हणून दुसरा प्रश्न रुग्णाने रात्री छताला विचारेपर्यंत थांबू नये. तो डॉक्टरांनी, फिजिओथेरपिस्टने आणि घरच्यांनी आधी विचारावा, तोही रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वी : तुम्हाला काय करायला आवडतं? उत्तर कुत्री असं आलं, तर ओळखीतल्या एखाद्या शांत कुत्र्यापासून सुरुवात करता येईल. रोज पाच मिनिटं, मूठभर फुटाणे किंवा उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, आणि ‘बस’ हा एकच शब्द. पंधरा दिवसांत कुत्रा बसायला शिकेल. हे काम आपल्याला आवडतं की नाही, हेही तोवर कळलेलं असेल.